कपाशीचें फूल, मधमाशी आणि माणसाचा हात

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसाविषयीं बोलणाऱ्या माणसांची वाण नाहीं. बोंड किती लागलें, वेचणी कधीं धरावी, भाव काय फुटला, या गोष्टी चहाच्या दुकानापासून देवळाच्या ओट्यापर्यंत वर्षभर चाललेल्या असतात. परंतु कपाशीच्या फुलाविषयीं कोणी चार शब्द बोलल्याचें मला आठवत नाहीं. जाई-जुईसारखा त्याला सुवास नाहीं. देवाला तें कोणी वाहत नाहीं, वेणींत कोणी माळत नाहीं. आणि त्याचें आयुष्य तरी केवढें? श्रावण-भाद्रपदांत सकाळीं ऊन वर आलें, कीं त्याच्या पाकळ्या उलगडतात; रंग असा, कीं दुधांत हळदीचें बोट फिरवावें. तिसऱ्या प्रहरानंतर त्यावर गुलाबी छटा चढूं लागते. दुसऱ्या दिवशीं तें लालसर होऊन मिटतें आणि पुढें गळून पडतें. ज्या कापसानें या प्रांताचा दीडशें वर्षांचा इतिहास घडविला, तो सारा फुलाच्या त्या एका दिवसांत ठरतो. त्या दिवशीं फुलाला जो पाहुणा भेटतो, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. आणि त्या पाहुण्याची जागा माणसाच्या हातानें कशी घेतली, हेंही सांगावयाचें आहे.

प्रथम फुलांत काय घडतें, तें थोडक्यांत पाहूं. कपाशीच्या फुलाच्या मधोमध स्त्रीकेसर असतो व त्याच्याभोंवतीं नळीसारखा पुंकेसरांचा जुडगा असतो. पुंकेसरांतील पराग स्त्रीकेसराच्या टोकावर पडला, तेथें रुजला आणि त्याची सूक्ष्म नलिका खालीं बीजाशयापर्यंत पोंचली, म्हणजे फलधारणा होते व बोंड धरतें. मक्याचा पराग हलका असतो. वारा त्याला सहज वाहून नेतो. कपाशीचा पराग जड व चिकट असल्यामुळें वाऱ्याला तें काम साधत नाहीं. तेव्हां दोनच मार्ग उरतात. एक, त्या फुलाचा पराग त्याच फुलावर पडणें. आणि कपाशींत बहुतांशीं असेंच होतें. दुसरा, एखाद्या कीटकाच्या अंगाला लागून तो दुसऱ्या झाडाच्या फुलावर जाणें. ज्या शेताच्या आसपास मधमाशा व भुंगे विपुल असतात, तेथें या दुसऱ्या प्रकाराचें प्रमाण पुष्कळ वाढतें. जेथें ते नाहींत, तेथें तें नाममात्र राहतें. म्हणजे कपाशीचें फूल कांहीं अंशीं स्वावलंबी आणि कांहीं अंशीं पाहुण्यावर विसंबलेलें आहे.

सर्वच झाडांना इतकेंही स्वावलंबन लाभलेलें नाहीं. आपल्या भाषेंत ‘उंबराचें फूल’ म्हणजे कधीं दृष्टीस न पडणारी वस्तु, असा अर्थ रूढ आहे. वस्तुतः उंबराला फुलें येतात, आणि शेंकड्यांनीं येतात. पण आपण ज्याला फळ म्हणतों, त्याच्या पोटांत तीं दडलेलीं असतात. गांधीलमाशीच्या गोत्रांतली एक चिमुकली माशी टोंकाच्या बारीक छिद्रांतून आंत शिरते. येतांना दुसऱ्या उंबराचा पराग आणते. आंत अंडीं घालते व बहुधा तेथेंच मरते. ती नसेल तर उंबराला बीं नाहीं, आणि उंबर नसेल तर तिला वंश नाहीं. उंबर फोडल्यावर किडे दिसले, कीं आपण नाक मुरडतों. परंतु त्या वृक्षाचीं लग्नें लावणारे भटजी तेच!

फाल्गुनांत आमच्या माळांवर पळस पेटतो. त्याच्या फुलांवर पुष्कळ पांखरें येतात, पण खरें परागसिंचन करणारे म्हणून अभ्यासकांनीं ओळखले ते विशेषेंकरून दोघे: जांभळा शिंजीर आणि खार. चैत्रांत पांढरकवडा व झरी-जामणीच्या बाजूस कोलाम आणि गोंड बायका पहांटे टोपल्या घेऊन मोहाचीं फुलें वेचावयास निघतात; त्याच रात्रीं त्या झाडांवर वटवाघळांची पंगत उठून गेलेली असते, आणि जेवतां जेवतां त्यांनीं एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडास पोंचविलेला असतो. कपाशीच्या तासांमधून उभ्या असणाऱ्या तुरीकडेही मधमाशा व काळे भुंगे आवर्जून जातात. रानांतलें आणि शेतांतलें हें सारें देणें-घेणें एकमेकांत गुंतलेलें आहे, ही गोष्ट पुढच्या हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवावी.

मनुष्याला या गोष्टीचें शास्त्रीय ज्ञान फार उशिरां झालें. खजुराच्या नरझाडाचा तुरा आणून मादीझाडाच्या फुलोऱ्यावर झाडण्याची रीत प्राचीन बाबिलोनच्या बागाइतदारांस ठाऊक होती. पण त्यामागचें कारण त्यांना उलगडलेलें नव्हतें. वनस्पतींतही नर-मादी असा भेद आहे, हें जर्मनींतील ट्यूबिंगेनच्या कामेरारियस नांवाच्या अध्यापकानें १६९४ सालीं प्रयोगानें दाखविलें. १७६१ पासून कोलरॉयटरनें निरनिराळ्या जातींच्या फुलांचा संकर करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंतु फूल आणि कीटक यांचें नातें ज्यानें खऱ्या अर्थानें उकललें, तो एक शाळामास्तर होता, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो, आणि श्रोते त्याबद्दल मला क्षमा करतील.

त्याचें नांव क्रिस्तियान कोन्राड स्प्रेंगेल. बर्लिनजवळच्या स्पांडाउ गांवीं तो शाळेचा मुख्याध्यापक होता. १७८७ च्या उन्हाळ्यांत एका रानफुलाच्या पाकळीच्या तळाशीं त्याला बारीक लव दिसली. ती तेथें कां असावी? विचार करतां त्याच्या ध्यानांत आलें, कीं ही लव पावसाच्या थेंबापासून मधाचें रक्षण करते. मग मध तरी कोणासाठीं? कीटकासाठीं. आणि कीटक कशासाठीं? परागासाठीं. अशा एकेका प्रश्नामागें जाऊन त्यानें शेंकडों जातींचीं फुलें तपासलीं व १७९३ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पाकळ्यांवरच्या रेषा व ठिपके म्हणजे माशीला मधाकडे नेणाऱ्या वाटा होत, असें त्यांत त्यानें सांगितलें. पुढच्याच वर्षीं त्याची नोकरी सुटली. ग्रंथाची फारशी वाहवा झाली नाहीं, आणि १८१६ मध्यें तो जवळजवळ अज्ञातवासांतच वारला. १८४१ मध्यें डार्विनच्या हातीं तें पुस्तक पडलें, तेव्हां त्याचें मोल जगाला कळूं लागलें.

डार्विननें पुढें एक पाऊल टाकलें. एकाच फुलाच्या परागानें झालेलें बीं आणि दुसऱ्या झाडाच्या परागानें झालेलें बीं हीं शेजारीं शेजारीं पेरून त्यानें अकरा वर्षें रोपांची उंची, वजन व बीजसंख्या मोजली. १८७६ सालीं त्यानें निष्कर्ष मांडला, कीं परक्या परागाची संतति बहुधा अधिक जोमदार होते. मधमाशी फुलाला देते, तें हें देणें. ती मध घेते आणि तिच्या नकळत झाडाच्या वंशांत नवें रक्त आणते. या जोमालाच आपण संकरजोम म्हणतों. आणि आमच्या जिल्ह्याच्या शेतीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या एका शब्दाभोंवतीं फिरला आहे.

आतां जिल्ह्याकडे वळूं. १८५३ मध्यें निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तेथील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर साऱ्या जगाचे डोळे लागले. त्या वेळीं आमच्या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हें नांव १९०५ मध्यें मिळालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं यवतमाळाहून मूर्तिजापूरला अरुंद रुळांची आगगाडी झाली, ती मुख्यतः कापसाच्या गांठी मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीं. तिलाच लोक प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत. कांहीं वर्षांपासून ती बंद आहे.

त्या काळची कपाशी मुख्यतः देशी होती. बनी, जरी अशीं तिचीं नांवें जुन्या लोकांच्या तोंडीं होतीं. शेतकरी आपल्याच कापसाची सरकी पुढच्या सालाकरितां राखून ठेवी. एका शेतांत एकाच जातीचीं झाडें सांपडणें कठीण. कोठें पिवळें फूल, तर कोठें पांढरें. यांत कांहीं भाग जिनांत सरमिसळ होणाऱ्या सरकीचा होता, आणि कांहीं भाग मधमाशीचा. पिकांतल्या या नैसर्गिक संकराचें महत्त्व ओळखून बिहारांतील पुसा येथें आल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्यानें १९१० मध्यें आपला अभ्यास प्रसिद्ध केला. जातिवंत बियाणें शुद्ध राखूं पाहणाऱ्या शेतकी खात्याला ही माशी थोडी अडचणीचीच वाटली असेल. कारण शुद्धाशुद्धतेची आपली वही तिला ठाऊक नव्हती! एक मर्यादा मात्र तिलाही ओलांडतां येत नाहीं. देशी कपाशीच्या पेशींत २६ गुणसूत्रें, तर अमेरिकन कपाशीच्या पेशींत ५२. त्यामुळें एकीचा पराग दुसरीवर नेला, तरी बीं सहसा धरत नाहीं.

मग १९७० साल उजाडलें. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रांत डॉ. चंद्रकांत पटेल यांनीं ‘संकर-४’ हा वाण काढला. व्यापारी प्रमाणावर पेरला गेलेला तो जगांतला पहिला संकरित कापूस. दोन अमेरिकन जाती त्याचे आईबाप होत: ‘गुजरात-६७’ आणि ‘अमेरिकन नेक्टरीलेस’. या दुसऱ्या नांवाकडे लक्ष द्यावें. त्याचा अर्थ ‘मधुग्रंथिविरहित’. सामान्य कपाशीच्या पानांच्या पाठीवर व फुलाबाहेरील हिरव्या दलांवर गोड रस स्रवणाऱ्या ग्रंथि असतात. त्या रसावर मुंग्या व इतर किडे येतात. किडींना हा फराळ मिळूं नये, म्हणून त्या ग्रंथि नसलेली ही जात अमेरिकेंत तयार झालेली होती. पाहुण्यांचें ताट काढून घेतलेली जात एका पक्षीं, आणि पाहुण्याचें काम आपल्या हातीं घेणारा माणूस दुसऱ्या पक्षीं. योगायोग असला, तरी मोठा बोलका आहे. १९७२ मध्यें धारवाडहून कटारकी यांचा ‘वरलक्ष्मी’ वाण आला. पुढें अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें व नांदेडच्या केंद्रानेंही आपापले संकर दिले, आणि वऱ्हाडांत संकरित कापूस घरोघर पोंचला.

संकरित बियाणें तयार कसें होतें, हें शहरांतल्या मंडळींस सहसा ठाऊक नसतें. उद्यां उमलणारें पातें आज तिसऱ्या प्रहरीं हेरावयाचें. अंगठ्याच्या नखानें त्याची पाकळी व पुंकेसरांची नळी अलगद सोलून काढावयाची. आंतल्या स्त्रीकेसराला ओरखडा लागतां कामा नये. त्यावर कागदाची लहानशी नळी चढवावयाची, म्हणजे रात्रीं-सकाळीं कोणी माशी परका पराग आणून टाकणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नर-झाडाचें उमललेलें फूल आणून त्याचा पराग या केसराला हळूच लावावयाचा. एक नर-फूल चार-पांच फुलांना पुरतें. मग खुणेसाठीं दोरा बांधावयाचा. एवढें केल्यावर त्या बोंडांत पंचवीस-तीस सरक्या मिळतात. एका एकरांतल्या हजारों फुलांसाठीं हें काम दोन-अडीच महिने रोज करावें लागतें. मधमाशी जें मधाच्या एका थेंबावर करीत होती, तें आतां मजुरीवर होऊं लागलें. आणि तीं बोटें बहुधा बायकांचीं व लहान मुलींचीं असत. या कामाला शाळकरी मुली जुंपल्या जातात, ही गोष्ट पुढें अनेक प्रांतांतल्या पाहणींतून उघड झाली.

मला ती पाहणीवाचून कळली होती. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन मी शिक्षक झालों, तेव्हां आमच्या गांवाशेजारीं बियाण्याचा एक प्लॉट होता. भाद्रपद-आश्विनांत वर्गांतल्या मुलींच्या रांगा विरळ होत. एकदां सहावीच्या वर्गांत मीं फळ्यावर फुलाची आकृति काढून पुंकेसर, स्त्रीकेसर हीं नांवें सांगत होतों. बऱ्याच दिवसांनीं शाळेंत आलेली एक मुलगी मध्येंच उठून म्हणाली, “गुरुजी, हे तं नखानं काढा लागते, जोर लावला तं बोंड धरत नाही.” मीं तिच्या हातीं खडू दिला. पुढचा धडा तिनेंच शिकविला, आणि तो माझ्या पुस्तकांतल्या धड्यापेक्षां चांगला होता. दुसऱ्या दिवशीं तिची जागा पुन्हां रिकामी होती. मीं हजेरीपटांत तिच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण केली. जी मुलगी त्या वेळीं फुलाच्या खऱ्या शाळेंत बसली होती, तिला मीं गैरहजर लिहिलें, आणि तिच्या घरीं जाऊन बोलावयाचें मला सुचलें नाहीं. आज वाटतें, कीं गैरहजर मीच होतों.

संकरित कापसानें आमचें वाईटच केलें, असें मी म्हणणार नाहीं. उत्पन्न वाढलें, धागा लांब झाला, कित्येकांच्या घरावर कौलांच्या जागीं स्लॅब पडला. परंतु संकराचा जोम एकाच पिढीचा असतो. त्याची सरकी राखून पेरली, तर पुढचें पीक मिश्र व उतरत्या कळेचें येतें. त्यामुळें घरच्या कणगींतली सरकी गेली आणि दरसाल बाजारांतून पुडी आणणें आलें. २००२ मध्यें बीटी कापसास परवानगी मिळाली. आपल्याकडे तोही बहुतेक संकरित वाणांतच आला. बोंडअळीला मारणारा जो अंश त्या झाडांत असतो, तो मधमाशीला बाधत नाहीं, असें अभ्यासकांनीं तपासून पाहिलें आहे. आरंभीं फवारणी कमीही झाली. पण पुढें रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, शेंदरी बोंडअळी त्या झाडाला दाद देईनाशी झाली, आणि पाठीवरचा पंप पुन्हां शेतांत फिरूं लागला.

२०१७ चा पावसाळा आमचा जिल्हा विसरणार नाहीं. कपाशी माणसाच्या छातीच्या वर गेली होती. त्या दाटींत निरनिराळीं औषधें मिसळून केलेली फवारणी अंगावर येऊन जिल्ह्यांत विसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेंकडों लोक रुग्णालयांत गेले, कित्येकांच्या दृष्टीवर परिणाम झाला. मी नुकताच निवृत्त झालों होतों. ज्यांना अक्षरें शिकविलीं, त्यांच्या वयाच्या माणसांचीं नांवें वर्तमानपत्रांत वाचावीं लागलीं. माणसें मेलीं, त्यांची गणती झाली, चौकशीही झाली. परंतु त्याच सकाळीं त्याच फुलांवर आलेल्या मधमाशांची गणती कोण करणार? जें औषध धडधाकट माणसाला आडवें करतें, तें माशीला किती पुरतें, हें सांगावयास शास्त्रज्ञ नको. शिवाय कांहीं औषधें बियाण्यालाच चोळलेलीं असतात व झाडाच्या रसांतून फिरतात. अशा तीन औषधांचा उघड्या शेतांतला वापर युरोपीय संघानें २०१८ मध्यें मधमाशांच्या रक्षणासाठींच बंद केला.

कोणी म्हणेल, कपाशी तर बहुतांशीं स्वावलंबी. माशी गेली म्हणून कापसाचें काय अडलें? अडतें तें येथेंच. माशी एकट्या कपाशीची नाहीं. भाद्रपदांत कपाशीवर येणारी सातेरी वा फुलोरी माशी पुढें तुरीवर जाते, करडईवर जाते, बियाण्यासाठीं राखलेल्या कांद्याच्या गोंड्यांवर जाते. पैनगंगेच्या व टिपेश्वरच्या जंगलांत उंच झाडांवर आग्या माशीचीं मोहोळें लागतात. कोलाम मंडळी तीं पिढ्यान् पिढ्या उतरवीत आलीं आहेत. जंगलांतली माशी शेतांत येते आणि शेताच्या धुऱ्यावरची माशी जंगलांत जाते. सरहद्दीची खूण तिला दिसत नाहीं. कापसाच्या शेतांत ती मेली, तर तिची उणीव तुरीच्या शेंगेंत, कांद्याच्या बियांत आणि रानांतल्या फळांत भरून काढावी लागते. तेथें नखानें सोलून पराग लावणारे हात कोठून आणावयाचे?

आपल्याकडे हा विचार नवा नाहीं. शेजारच्या वर्ध्यास मगनवाडींत १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें मधमाशीपालनालाही आपल्या उद्योगांत स्थान दिलें होतें. १९६२ मध्यें पुण्यास मधमाशीसंबंधीं केंद्रीय संशोधन व शिक्षण संस्था निघाली. मोहोळ जाळून मध काढण्याऐवजीं मधाचा भाग तेवढा कापून पिलांचा भाग जागच्या जागीं राखतां येतो, हेंही आतां पुष्कळांना शिकविलें जातें. शेतांत करण्याजोग्या गोष्टीही अवघड नाहींत. फुलें उमललेलीं असतात ती सकाळची वेळ टाळून, आणि गरज असेल तेव्हांच, संध्याकाळीं फवारणी करणें. धुऱ्यावरचा पळस, बाभूळ, निंब न तोडणें, म्हणजे कपाशी फुलावर नसते त्या महिन्यांत माशीला पोट भरण्यास जागा राहते. यांत माशीचें जसें हित आहे, तसें पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचेंही आहे. २०१७ नें हें दोघांचें नातें आम्हांला फार महाग किंमत घेऊन दाखविलें.

श्रोतेहो, आपण शहरांत राहतां. अंगावरचा सुती सदरा, आमटींतली तूर आणि बाटलींतला मध या तीन वस्तु आपल्या घरीं तीन दुकानांतून येतात. आमच्याकडे त्या एकाच शेताच्या परिसरांतून निघतात, आणि त्यांना जोडणारा धागा पंखांवरून येतो-जातो. यंदा भाद्रपदांत कोणाचें या बाजूस येणें झालें, तर सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास गाडी थांबवून कपाशीच्या एका फुलापाशीं क्षणभर उभे राहावें. आंत पिवळ्या परागानें माखलेली एखादी माशी दिसली, तर तिला हुसकूं नये. आणि जवळपास पराग लावणारी एखादी शाळेच्या वयाची मुलगी दिसली, तर तिला एवढें तरी विचारावें, कीं बाळ, आज शाळा नाहीं का? मीं तो प्रश्न वेळेवर विचारला नाहीं, म्हणून आपल्याला सांगतों आहें.